लाईट गेल्यावर ऐकू येणारा आवाज

[दृश्य: सोलापूर, पूर्व भागातला एक कारखाना. माग चालू आहेत.]

आडवा धागा घेऊन धावणारा धोटा एका पेटीवर आदळतो, उलटा सुटतो, दुसऱ्या पेटीवर आदळतो. मिनिटाला शंभरच्या आसपास फटके, आणि एका छताखाली असे आठ-दहा माग. आवाज शंभर डेसिबलच्या आगेमागे. इथं कुणी बोलत बसत नाही. हातवारे चालतात, ओठ वाचले जातात.

[दृश्य: लाईट जाते. माग थांबतात.]

आता तो दुसरा आवाज वर येतो. मघापासून होताच, मागाखाली झाकला होता. कुणाला शिट्टी, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरची वाफ. सोबत कान भरून आल्यासारखा. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द: दडा बसलाय. घोटाळा तिथंच होतो, कारण दडे दोन जातींचे. एक चार दिवस थांबू शकतो, दुसरा नाही.

पहिल्यात मळ किंवा सर्दीचं पाणी वाट अडवतं. दुसऱ्यात आतल्या कानाच्या पेशीच दुखावतात. घरी अंदाज घ्यायचा तर तोंड मिटून जाड आवाजात ‘हूं’ असा एक सूर धरा. तो दडा बसलेल्या कानात मोठा वाटला, तर बहुधा वाट अडलीय. चांगल्या कानात मोठा वाटला, तर आतल्या कानाचा संशय. डॉक्टर हेच 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर एकच सूर देणारा धातूचा चिमटा, कपाळावर टेकवून बघतात. अर्थात घरचा हा निव्वळ अंदाज. तो चांगला निघाला म्हणून घरी बसू नका.

एका कानाचं ऐकणं अचानक, किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. सिव्हिलमध्येही हा विभाग आहे. यावर स्टिरॉइड देतात, आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. शुगर असेल तर आधी सांगा, कारण या गोळ्यांनी ती चढते. नेहमी होतं ते असं: ‘सर्दीचा असेल’ म्हणून आठ दिवस कानात थेंब घालण्यात जातात, म्हणजे निम्मी मुदत गेलीच. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर थेट कॅज्युअल्टी.

मळाचं काम सोपं. डॉक्टरांनी दिलेले थेंब तीन ते पाच दिवस. मळ फुगतो, म्हणून दडा आधी वाढतो, घाबरू नका. नंतर मळ धुताना पाणी अंगाच्या उबेइतकं हवं, गार पाण्यानं गरगरतं. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर थेंबही नको, पाणीही नको. लसूण घालून कढवलेलं तेल कातडी भाजतं. काडीनं मळ आणखी आत जातो.

[दृश्य: ऑडिओग्रामचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाचा कागद, जवळून.]

आवाजानं बिघडलेल्या कानाची रेघ बहुतेक 4000 हर्ट्झपाशी खाली खचते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचा बारीक भाग या वरच्या सुरांत असतो, म्हणून ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं, आणि माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, कळत नाही.’ कामाच्या पाळीवरून थेट तपासणीला जाऊ नका. थकलेला कान खरा आहे त्याहून वाईट दाखवतो. आधी किमान 14 तास शांततेत काढा. डीजेपुढं नाचल्यावर कान वाजतात तेही हेच. दोन-तीन दिवसांत थांबलं नाही, तर तपासा.

मागावर सुताचा बोळा कानात कोंबतात. त्यानं फारसं काही अडत नाही. फोमचा प्लग घ्या. हात स्वच्छ धुवा, प्लग बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढा, प्लग सरकवा, फुगेपर्यंत तीस सेकंद दाबून धरा. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटला की नीट बसला. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग शोभेचा.

कानात वाजणाऱ्या जुन्या आवाजाला मुळासकट घालवणारी गोळी नाही. विकणारे पुष्कळ आहेत. शांत खोलीत तो फुगतो, म्हणून रात्री पंखा किंवा पावसाचं रेकॉर्डिंग लावा, पण कानातल्या आवाजापेक्षा थोडं हळूच. पूर्ण बुडवलात तर मेंदूला त्याची सवय होत नाही. ऐकणंही कमी झालं असेल तर श्रवणयंत्रानं बऱ्याच जणांचा आवाज मागं पडतो. आवाज नाडीच्या ठोक्यावर येत असेल किंवा एकाच कानात टिकून असेल, तर मात्र सवय लावत बसू नका, दाखवा. ॲस्पिरिनचा मोठा डोस, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील तर तेही सांगा. परस्पर बंद करू नका.

[दृश्य: लाईट येते. कारागीर आधी दोन्ही प्लग वळून बसवतो, तीस सेकंद धरतो, मग माग चालू करतो.]