शेजारच्या खुर्चीसाठी

[दृश्य: काळ्या पडद्यावर सरकणाऱ्या बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होण्याच्या, ओळी. आवाज फक्त लॅपटॉपच्या पंख्याचा.]

जीटीके ही खिडक्या-बटणं काढून देणाऱ्या तयार कोडची लायब्ररी मुळात गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरसाठीच लिहिली गेली. तिची तिसरी आवृत्ती आली 2011 मध्ये. तिच्यावर उभं असलेलं गिंप 3.0 लोकांच्या हाती पडलं मार्च 2025 मध्ये. तोवर जीटीके 4 येऊनही चार वर्षं उलटली होती.

पोर्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, असं लांबतं. मग त्यासाठी मेळावा भरवून, तीन दिवस एका खोलीत जमून काय साधणार?

पोर्ट तर पूर्ण होणार नाही. म्हणूनच मेळावा आखताना पहिल्यांदा हे शोधायचं, की घरी एकट्याने बसून नेमकं काय सुटत नाहीये.

[दृश्य: एक लॅपटॉप, समोर दोन खुर्च्या.]

समजा, लिनक्सवरचं सॉफ्टवेअर विंडोजवर न्यायचंय. मूळ लेखकाला कोड तोंडपाठ असतो, पण त्यात आपण काय काय गृहीत धरलंय ते त्याला दिसत नाही. लिनक्सवर उघडी फाइलसुद्धा खुशाल डिलीट करता येते. विंडोज सहसा अडवतं. ‘फोर्क’ करून, म्हणजे चालू प्रोग्रॅमची प्रत काढून, नवी प्रोसेस सुरू करणारा कोड तिथे चालत नाही, कारण विंडोजच्या प्रोग्रॅमना फोर्क मिळतच नाही. फाइलींच्या नावांचंही तसंच. दोन नावांत फक्त कॅपिटल-स्मॉलचा फरक असेल, तर विंडोज त्यांना बहुधा एकच समजतं. ‘कॉन’ (CON), ‘ऑक्स’ (AUX) ही नावं विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून उपकरणांसाठी राखीव, त्यामुळे कधी सोर्स कोड उतरवतानाच गाडी अडते.

विंडोज जाणणारा हे चटकन ओळखतो. पण तो कोड तसा का लिहिला, हे त्याला ठाऊक नसतं. ही दोन माणसं शेजारी बसायला हवीत. निमंत्रणांची यादी या जोड्यांपासूनच सुरू करावी, असं मला मनापासून वाटतं. हॉल, जेवण, प्रवासखर्च त्यानंतर.

[दृश्य: पेन ड्राइव्ह हातोहात पुढे जातोय.]

आणि बिल्ड! लोक लांबून येतात आणि पहिला अख्खा दिवस कंपायलर, म्हणजे बिल्ड करणारं साधन, उतरवण्यात घालवतात, एकाच वाय-फायवर. हे बघवत नाही. बिल्डच्या सूचना दोन आठवडे आधी पाठवाव्यात. त्याआधी, ज्याने हा प्रकल्प कधीच बिल्ड केलेला नाही अशा कुणाला तरी त्या चालवून बघायला सांगावं. तो जिथे अडेल तिथे सूचना चुकल्या आहेत. लागणाऱ्या लायब्ररी पेन ड्राइव्हवर तयार ठेवाव्यात. मॅकसाठीही काम करायचं असेल, तर मॅक कोण आणणार हे आधीच विचारून घ्यावं.

शेवटच्या दुपारी नवा कोड सुरू करू नये. अर्धवट पॅचही, म्हणजे कोडमधले बदल, ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या फांदीवर) चढवावेत, आणि प्रत्येकासोबत दोन ओळी: कुठवर आलंय, कुठे अडलंय.

[दृश्य: रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्या. एक जोडी अजून स्क्रीनकडे बघतेय.]