‘केव्ह’साठी मराठीत कोणता शब्द?

श्रोतेहो, नमस्कार.

‘केव्ह म्हणजे गुहा’ हे आपण शाळेतच पाठ करतो. मग कधीतरी वेरूळच्या ‘एलोरा केव्हज’चं भाषांतर ‘वेरूळच्या गुहा’ असं वाचायला मिळतं आणि कानाला खटकतं. खटकायलाच हवं.

लॅटिनमध्ये ‘कॅव्हस’ म्हणजे पोकळ. ‘केव्ह’ आणि ‘कॅव्हर्न’ हे दोन्ही शब्द त्याच घराण्यातले. डोंगरात माणूस शिरेल एवढी पोकळी असली, की रोजच्या इंग्रजीत ती ‘केव्ह’. ती कोणी केली, याची चौकशी हा शब्द करत नाही. मराठीला मात्र तेच आधी हवं असतं. निसर्गाने केली ती गुहा आणि छिन्नी-हातोड्याने कोरलं ते लेणं. नाशिक, कार्ले, कान्हेरी इथल्या प्राकृत शिलालेखांत ‘लेण’ हाच शब्द आहे, संस्कृत ‘लयन’वरून आलेला. म्हणजे शब्द दोन हजार वर्षांपासून वापरात आहे. ‘सौभाग्यलेणं’मधलं लेणं वेगळं, ते ‘काजळ लेणं’, ‘दागिने लेणं’ या क्रियापदातून आलं. डोंगराचा दागिना म्हणून लेणं, ही कल्पना गोड असली तरी खरी नव्हे.

व्याकरणात इथे हमखास चूक होते. एक असेल तर ‘ते लेणं’, अनेक असतील तर ‘ती लेणी’. ‘एक लेणी’ किंवा ‘खूप लेण्या पाहिल्या’ हे चुकीचं. ‘लेण्यात’, ‘लेण्यांमध्ये’ ही रूपं मात्र बरोबर.

कोरलेलं कसं ओळखायचं? विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरा. समोरून उजेड टाकला तर सपाट वाटणाऱ्या भिंतीवर छिन्नीचे समांतर घाव उठून दिसतात. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलं, म्हणून तिथे कामाची पद्धतच उघडी पडली आहे. आधी छताच्या पातळीवर आत घुसायचं, खडकात शेजारी शेजारी लांब चर मारायचे, मधे उरलेले कणे फोडून काढायचे आणि असं करत खाली उतरायचं. छत आधी पूर्ण झाल्यामुळे त्यासाठी उंच परांची बांधावी लागत नाही. वेरूळचं कैलास तर आठव्या शतकात कातळ वरून खाली कोरत नेऊन मोकळं केलेलं अखंड मंदिर. त्याच्या डोक्यावर आभाळ आहे, तरी इंग्रजीत ते ‘केव्ह नंबर १६’! ‘लेणं क्रमांक १६’ म्हटलं की काहीच बिघडत नाही.

आता निसर्गाकडे. सह्याद्रीत काळ्या पाषाणाचे थर एकावर एक आहेत. काही थर कठीण, तर मधले काही ठिसूळ. पाण्याने ठिसूळ थर झिजतो आणि वरचा कठीण थर छतासारखा पुढे राहतो. ओढ्याकाठी, धबधब्यामागे अशी खोल जागा झाली की ती घळ. महाड तालुक्यातली शिवथरघळ सर्वांना माहीत आहे. फार खोल नसेल, नुसता आडोसा मिळत असेल, तर ती कपार. डोंगराच्या धारेतून आरपार भोक पडलं असेल, तर ते नेढं, राजगडावर आहे तसं. या तिन्हींना इंग्रजीत ‘केव्ह’ म्हणून मोकळं होता येतं, मराठीत होऊ नये. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारख्या रुंद पण उथळ आसऱ्याला पुरातत्त्वात शैलाश्रय म्हणतात.

‘कॅव्हर्न’ म्हटलं की सहसा प्रशस्त, दालनांची गुहा डोळ्यांपुढे येते, आणि अशा बऱ्याच गुहा चुनखडीत असतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, चुनखडी विरघळवतं. तेच पाणी आत ठिबकलं की वायू उडून जातो आणि चुना साचतो: वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे लवणस्तंभ. ही वाढ सहसा वर्षाला एक मिलिमीटरही नसते. त्याला हात लावू नका; त्वचेचं तेल चिकटलं की तिथे पुढचा थर नीट धरत नाही. आपला काळा पाषाण असा विरघळत नाही, म्हणून हे दृश्य सह्याद्रीत शोधू नये. त्यासाठी आंध्रात बोरा किंवा बेलमला जावं, नाहीतर मेघालयात. तिथे खासी भाषेत गुहेला ‘क्रेम’ म्हणतात, म्हणून ‘क्रेम पुरी गुहा’ म्हणताना गुहा दोनदा येते.

बाकीचे शब्द थोडक्यात. साधूच्या राहण्याची ती गुंफा. माणसाने खणलेली, कुठेतरी नेणारी वाट ते भुयार. विवर हा मोठ्या खड्ड्याला किंवा पोकळीला साजतो, जसं लोणारचं. कंदरा आणि गह्वर कवितेत शोभतात, बातमीत नको. ‘ग्रोटो’ मात्र गोव्यात, वसईत तसाच वापरावा. चर्चच्या आवारात लुर्डमातेसाठी बांधलेली दगडी कोनाड्याची जागा त्या नावानेच लोक ओळखतात.

राहिलं क्रियापद ‘केव्ह इन’. इथे गुहेचा काही संबंध नाही. जमीन खाली बसली तर खचली, विहिरीची कड सुटली तर ढासळली, छत अंगावर आलं तर कोसळलं. आणि माणूस दबावापुढे ‘केव्ह इन’ झाला, तर तो नमला.