स्पोर्ट्‌स कारसाठी हलकी चाके: वजनाआधी मापे

मित्रहो, हलकी चाके घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: हे चाक किती किलोचे? प्रश्न रास्त आहे, पण माझ्या मते तो मापे जुळल्यानंतर विचारायचा आहे.

हलकेपणाचा फायदा खरा आहे. चाक, टायर, ब्रेक हे सारे स्प्रिंगच्या खाली असते. ते जितके हलके, तितके खाचखळग्यांवर सस्पेन्शनला त्याला आवरणे सोपे जाते आणि टायर रस्त्याला धरून राहतो. शिवाय चाक पुढे सरकते तसे फिरतेही, त्यामुळे त्याचे वजन कोठे आहे यालाही महत्त्व आहे. हबजवळचा (हब म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग) एक किलो वेग घेताना जवळजवळ एका किलोइतकाच जाणवतो, १५ इंची रिमच्या कडेचा साधारण १.४ किलोइतका, तर टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यातला जवळपास २ किलोइतका. म्हणून चाकात एक किलो वाचवून त्यावर जाड, जड टायर चढवला, तर मिळवलेले सारे गमावून वर काही देणेही लागते. १५ ऐवजी १७ इंची चाक घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण तेथे धातू केंद्रापासून दूर सरकतो.

आता मापांकडे येऊ. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, तंतोतंत जुळलाच पाहिजे. ४×९८ चे (चार बोल्ट, ९८ मिलिमीटरचे वर्तुळ) चाक ४×१०० च्या हबवर ओढूनताणून बसवता येते, आणि धोका नेमका तेथेच आहे: प्रत्येक स्टड, म्हणजे हबवरचा नट बसणारा आटेदार दांडा, एक मिलिमीटर तिरका ताणला जातो आणि नट आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. नटाची बैठकही पाहावी. काही गाड्यांचे मूळ नट गोलाकार बैठकीचे असतात आणि बाहेरून घेतलेल्या बहुतेक चाकांना ६० अंशांचे शंकूच्या आकाराचे नट लागतात. यांची सरमिसळ करू नये.

मधल्या भोकाच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. नव्या चाकांचे भोक हबपेक्षा मोठे होते, आणि गाडी जमिनीवर टेकलेली असतानाच मी नट आवळले होते. ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागले. मी दोनदा बॅलन्सिंग करून घेतले, पण चाक मुळात केंद्रातच नव्हते. भोक आणि हब यांमधली फट भरणाऱ्या योग्य मापाच्या हब रिंगा घालून, गाडी उचलून, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळल्यावर थरथर थांबली.

सर्वांत जास्त चुका ऑफसेटमध्ये होतात. चाक हबला टेकते तो पृष्ठभाग चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून जितके मिलिमीटर बाहेरच्या बाजूला असतो, तो आकडा म्हणजे ऑफसेट. एक हिशेब करून पाहू. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ चे चाक १४ इंची, ५.५ इंच रुंद, ऑफसेट ४५ आणि पीसीडी ४×१००. त्याजागी १५ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ३५ चे चाक बसवायचे आहे. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली; ती दोन्ही बाजूंना १९-१९ वाटली जाते. ऑफसेट दहाने घटल्यामुळे सारे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकते. म्हणजे आतली कड सस्पेन्शनकडे ९ मिलिमीटर गेली आणि बाहेरची कड फेंडरकडे २९ मिलिमीटर. गाडीवर मोजायची जागा या दोन आकड्यांवरून ठरते. ऑफसेट फार कमी केला, तर बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टिअरिंगला रस्त्याचे हिसके बसू लागतात. टायरचा व्यास मात्र येथे सहज जुळतो: मूळ १४ इंची चाकावरच्या १८५/६० आर१४ मापाच्या टायरचा सुमारे ५७८ मिलिमीटर, नव्या १५ इंची चाकासाठीच्या १९५/५० आर१५ चा ५७६.

मोठे ब्रेक असतील, तर स्पोकच्या मागच्या बाजूला कॅलिपरसाठी, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागासाठी, जागा आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते, कारण तो स्पोकच्या वळणाचा प्रश्न आहे आणि ऑफसेटचा आकडा त्याचे उत्तर देत नाही. कॅलिपरवर मातीचा पातळ गोळा चिकटवून चाक हलकेच बसवावे आणि फिरवावे. माती किती दबली, यावरून किती अंतर उरते ते कळते.

यानंतर वजन. घडीव चाक ओतीव चाकापेक्षा त्याच ताकदीला हलके करता येते, कारण दाबाखाली धातूची घडण घट्ट होते. ओतीव चाकाची रिम गरम असताना रोलरने दाबून लांबवण्याची मधली पद्धतही चांगली आहे. मात्र चाकावरची भारक्षमता वाचल्याशिवाय हलके चाक घेऊ नये. ती गाडीच्या जड ॲक्सलवरील कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. जेडब्ल्यूएल या जपानी मानकात वळणाच्या आणि उभ्या भाराच्या थकवा-चाचण्यांबरोबर (भार पुन्हा पुन्हा देऊन घेतलेल्या) आघाताची चाचणीही असते. तशी खूण नसलेल्या, आश्चर्यकारक हलक्या चाकापासून मी दूरच राहतो.

चाके बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि सस्पेन्शन पूर्ण दाबून टायर कोठे घासतो का ते पाहावे, नट टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याला आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत.