अलकनंदा: पुण्यात सापडलेली १२ अब्ज वर्षांपूर्वीची दीर्घिका

नमस्कार मंडळी! आधी स्क्रीनवरचा हा फोटो नीट बघा. मधोमध तेजस्वी गाभा आणि त्यातून निघून दोन्ही बाजूंना सारख्याच डौलात वळलेले दोन हात. हातांवर माळेत मणी ओवल्यासारखे ठिपके दिसतायत ना? तिथे नवे तारे जन्माला येतायत. ही अलकनंदा दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह (गॅलेक्सी). हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा विश्वाचं वय होतं जेमतेम दीड अब्ज वर्षं. आज ते १३.८ अब्ज आहे.

आणि ती शोधली पुण्यात! खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण चालवणाऱ्या एनसीआरए, म्हणजे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी. शोधनिबंध आला नोव्हेंबर २०२५ मध्ये. संस्था रेडिओ खगोलशास्त्राची, पण हे काम झालं जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांवर. हा डेटा जगात कुणालाही उघडा आहे, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्यातल्या सुमारे ७०,००० वस्तू चाळल्यावर ही हाती लागली.

मग आधीच्या हबल अवकाश दुर्बिणीला ही अशी का दिसली नाही? प्रकाश वाटेत असताना विश्व प्रसरण पावत होतं, त्यामुळे त्याची तरंगलांबीही ताणली गेली, जवळपास पाचपट. निघताना अर्ध्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असलेला हिरवा प्रकाश आपल्याकडे पोचतो अडीच मायक्रॉनचा होऊन, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये. हबलची नजर १.७ मायक्रॉनच्या आसपास थांबते. वेब मुळात इन्फ्रारेडसाठीच बांधलीय. सोन्याचा मुलामा दिलेला साडेसहा मीटरचा आरसा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचा मुक्काम आणि ऊन अडवणारा पाच पदरी पडदा. दुर्बीण तापली, तर तिच्या स्वतःच्याच उष्णतेत असा मंद प्रकाश बुडून जाईल.

शिवाय वाटेत एबल २७४४ हा दीर्घिकांचा प्रचंड समूह आहे. त्याचं गुरुत्वाकर्षण भिंगाचं काम करतं, म्हणून अलकनंदा आपल्याला सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते.

आता खरा धक्का. इतक्या कोवळ्या वयातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, गोळ्यागोळ्यांच्या असणार, सुबक सर्पिल हात घडायला अब्जावधी वर्षं लागणार, असंच मानलं जायचं. अलकनंदा मात्र ३०,००० प्रकाशवर्षं रुंद आहे, तिच्यातल्या ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे १० अब्ज सूर्यांएवढं आहे, आणि दरवर्षी जवळपास ६० सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे नवे तारे ती घडवत होती! आपली आकाशगंगा आज याच्या वीसाव्या हिश्श्याच्या आसपास कशीबशी पोचते.

हे हात इतक्या लवकर आले कुठून? फोटोवरून ते कळत नाही. त्यासाठी वर्णपट हवा, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार वेगवेगळा करून बघायला हवा. दीर्घिकेच्या तबकडीचा कुठला भाग आपल्याकडे येतोय, कुठला लांब जातोय आणि किती वेगाने, हे त्यातून मोजता येतं. ती शिस्तीत फिरत असेल, तर हात आतूनच, संथपणे घडले असतील. खळबळ जास्त निघाली, तर संशय जाईल शेजारून गेलेल्या एखाद्या छोट्या दीर्घिकेच्या ओढाताणीवर. पुढचं निरीक्षण करायचंय ते नेमकं हेच.