एकाच वेळी चार स्टेज: कुणाला ऐकायचं, कुणाला सोडायचं

(पुण्यातल्या एका कॉलेजच्या म्युझिक क्लबमधे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

बसा, बसा, पुढे जागा आहे. तो पंखा तेवढा कमी करा कुणीतरी, माईकमधे घरघर येतेय. मी साउंडवाला आहे त्यामुळे असलं काही ऐकू आलं की मला पुढे सुचत नाही.

तर सरळ विषयाला हात घालतो. 28 जून 2025, शनिवारची रात्र, दहा वाजून गेलेत. जागा ग्लास्टनबरी फेस्टिव्हल, म्हणजे इंग्लंडमधे सॉमरसेटमधलं पिल्टन गाव आणि तिथलं वर्दी फार्म. पिरॅमिड स्टेजवर, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या स्टेजवर, जुना रॉकवाला नील यंग, वय 79. अदर स्टेजवर पॉप गायिका चार्ली एक्ससीएक्स, जिच्या 'ब्रॅट' या अल्बमने आदल्या वर्षी धुमाकूळ घातलेला. वेस्ट होल्ट्स स्टेजवर रॅपर डोची. आणि वुडझीज नावाच्या तंबूत सिझर सिस्टर्स हा पॉप बँड. हे सगळे थोड्याफार फरकाने एकाच वेळी, आणि ही फक्त मोठी स्टेजेस झाली, तिथे छोटी-मोठी धरून शंभराच्या वर आहेत. तुम्ही तिकिटाला 373 पौंड 50 पेन्स दिलेत, वर 5 पौंड बुकिंग फी, तेही कोण वाजवणार हे जाहीर व्हायच्या आधीच, कारण त्या वर्षीची तिकिटं साधारण अर्ध्या तासात संपली. आणि आता शनिवारी रात्री चिखल नाहीतर धूळ तुडवत तुम्ही मधल्या रस्त्यावर उभे, डावीकडे जाऊ की उजवीकडे.

अशा वेळी सगळे पहिल्यांदा काय करतात तर ऑर्गनायझरला शिव्या घालतात. टाइमटेबल करणाऱ्याला अक्कल नाही, जरा अर्धा तास मागेपुढे केलं असतं तर काय बिघडलं असतं वगैरे. तर मला आज मुख्य सांगायचंय ते हेच की अक्कल असते, भरपूर असते, आणि हे क्लॅश, म्हणजे दोन चांगले शो एकाच वेळी येणं, मुद्दाम केलेले असतात.

का, ते बघा. दोन लाखांच्या वर माणसं त्या शेतात असतात. रात्री दहाला ती सगळी एकाच स्टेजसमोर आली तर ते मैदान त्यांना झेपेल का, आणि समजा आली, तरी शो संपल्यावर ती सगळी एकाच वेळी एकाच गेटातून बाहेर पडणार. त्यामुळे तुल्यबळ माणसांना एकमेकांसमोर लावतात, म्हणजे गर्दी फाटते. नील यंगच्या समोर चार्ली लावली यात कसलाही अपमान नाहीये, उलट ज्यांना एक आवडतो त्यातल्या बऱ्याच जणांना दुसरी आवडणार नाही असा साधा हिशोब आहे. झालंही तसंच, चार्लीकडे पाय ठेवायला जागा नव्हती आणि नील यंगसमोर पिरॅमिडच्या मानाने बरंच मोकळं होतं.

हा हिशोब चुकला की काय होतं ते 2024 ला दिसलं. शुगाबेब्सना वेस्ट होल्ट्सवर लावलं, दुपारच्या वेळी. कुणाला वाटलं असेल, वीसेक वर्षांपूर्वीचा मुलींचा पॉप ग्रुप, येतील थोडे लोक. आख्खं फेस्टिव्हल तिकडे लोटलं आणि तो भागच बंद करावा लागला, बाहेरच्यांना आत नाही. अॅव्हरिल लव्हीन या गायिकेच्या वेळी अदर स्टेजला तीच तऱ्हा. आणि त्याच वर्षी रविवारी रात्री पिरॅमिडवर सिझा, म्हणजे ग्रॅमी वगैरे घेतलेली बाई, आणि समोर गर्दी विरळ, कारण त्या वेळेला लोक दुसऱ्या स्टेजेसवर द नॅशनल आणि जस्टिस या ग्रुपकडे वाटले गेले होते. त्याच्या आदल्या वर्षी, 2023 ला, बरोबर उलटं, एल्टन जॉनचा इंग्लंडमधला निरोपाचा शो, त्याच्यासमोर क्वीन्स ऑफ द स्टोन एजसारखा तगडा बँड लावून सुद्धा पिरॅमिडचं मैदान ओसंडत होतं. म्हणजे टाइमटेबल करणाऱ्याला संगीतातलं कळावं लागतंच, पण त्याहून जास्त कळावं लागतं ते लोकांचं.

आता हे एकदा मान्य केलं, की क्लॅश आपल्याला विभागायलाच केलाय, की मग 'यातला मोठा कोण' हा प्रश्न आपोआप निकामी होतो. दोघेही मोठेच असणार, तसेच निवडलेत ना! मी वेगळा प्रश्न विचारतो. आज जे होणार आहे ते परत कुठे मिळेल?

उदाहरण तेच घेऊ. चार्लीचा शो म्हणजे बसवलेला शो. बँड नाही, स्टेजवर ती एकटी, ट्रॅक वाजतायत, स्क्रीनवरचं व्हिडिओ, लाइट, कॅमेरा, सगळं टाइमकोडवर बांधलेलं. टाइमकोड म्हणजे काय, तर गाणं सुरू झालं की कंप्युटर सगळ्या डिपार्टमेंटला सांगत जातो, आता अमुक सेकंद, लाल लाइट मार, आता धूर सोड. असा शो एका गावात बघितला काय आणि दुसऱ्या गावात बघितला काय, गाण्यांचा क्रम जवळपास तोच राहतो. यात मी काही कमी लेखत नाहीये हां, दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर लोक भांडत होते की बँड नाही, आवाजावर ऑटोट्यून, म्हणजे सूर मशीनने सरळ केलेला, हा कसला लाइव्ह शो, मला ती ओरड बावळटपणाची वाटली. पण असा शो तुम्हाला पुढे कधीतरी, किंवा निदान रेकॉर्डिंगमधे, बऱ्यापैकी तसाच मिळतो. नील यंग त्या जातीचा नाही. तो गाण्यांची यादी रोज बदलतो, एकच गाणं एक दिवस चार मिनिटं आणि एक दिवस बारा मिनिटं, गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज परत गिटारमधे शिरून उठणारा नाद, कुठे जाईल ते त्यालाही माहीत नसतं. तो आधी 2009 ला तिथे वाजवून गेला होता आणि त्यानंतर थेट 2025. मग ठरवा तुमचं.

आणि रेकॉर्डिंगचं पण बघा. ग्लास्टनबरीत बीबीसीचे कॅमेरे पाच मोठ्या स्टेजवर असतात, पिरॅमिड, अदर, वेस्ट होल्ट्स, वुडझीज आणि पार्क. तिथलं बरंचसं नंतर इंग्लंडमधे बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर महिनाभर बघता येतं. (नील यंगने त्यावरूनही घोळ घातला होता, आधी म्हणाला बीबीसी मधे आहे म्हणून येतच नाही, मग येतो म्हणाला, मग कॅमेरा नको, आणि शेवटी दाखवला.) पण बाकीच्या त्या शंभर ठिकाणी जे होतं, कुठेतरी तंबूत आफ्रिकेतल्या माली देशाचा वादक कोरा नावाचं तंतुवाद्य वाजवतोय, कुठे फोक गाणारी पोरगी आहे, ते कुणी शूट करत नाही. ते हुकलं की हुकलं. म्हणून माझं मत विचाराल तर मोठं विरुद्ध छोटं असा क्लॅश आला की छोट्याकडे जा. तिथे तुम्ही स्टेजपासून दहा फुटांवर असता, मोठ्याकडे तुम्ही स्क्रीनच बघत असता, मग तो घरी टीव्हीवर बघितला तर काय फरक पडतो.

आता तुम्ही म्हणाल दोन्हीकडे अर्धा अर्धा वेळ जाऊ. म्हणजे एका लग्नात अक्षता टाकायच्या आणि दुसऱ्यात पंगतीला बसायचं. जमतं, नाही असं नाही, पण मग ते डोकं लावून करा. सेटलिस्ट डॉट एफएम नावाची साइट आहे, त्यावर त्या कलाकाराने गेल्या आठवड्यात काय वाजवलं, कुठल्या क्रमाने, सगळं लोक टाकतात. टूर चालू असेल तर शेवटची तीन गाणी कुठली असणार हे तुम्हाला घरबसल्या कळतं. पॉप आणि रॉकवाले हुकमी गाणं शेवटी ठेवतात, त्यामुळे त्यांच्याकडे उशिरा गेलात तरी चालतं. जॅमवाल्या, जॅझवाल्या, किंवा आपल्या ख्यालवाल्यांच्या बाबतीत हे अजिबात चालत नाही, विलंबित सोडून द्रुतला पोचणं म्हणजे नुसती टाळ्यांची जागा ऐकणं. आणि चालायचा वेळ धरा. पिरॅमिडपासून अदर स्टेज एरवी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, रात्री दहाला किती ते विचारू नका.

उभं कुठे राहायचं हे मात्र मी जरा सविस्तर सांगणार, कारण ते माझं काम आहे. दोन स्टेजच्या बरोबर मधे उभं राहून दोन्ही ऐकू अशी आयडिया डोक्यातून काढून टाका. खालचा बास जो आहे तो लांबपर्यंत जातो, अडथळ्याला वळसा घालतो, आणि वरचे सूर, शब्द, झांजा, हे हवेतच विरतात, समोरच्या माणसांच्या अंगात जिरतात. त्यामुळे मधे उभं राहिलात की तुम्हाला दोन्हीकडचा नुसता धप-धप येतो आणि गाणं एकाचंही नाही. मैदानात मधे मधे जे स्पीकरचे टॉवर दिसतात ना, ते डिले टॉवर. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर उभ्या माणसाला स्टेजवरचा आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. टॉवरमधून तो तेवढाच थांबवून सोडावा लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. सगळ्यात चांगला आवाज कुठे, तर जिथे मिक्सिंगचा कन्सोल असतो, एफओएच, म्हणजे फ्रंट ऑफ हाउस, म्हणतो आम्ही, त्याच्या लगेच मागे. तिथला माणूस स्वतःच्या कानाला चांगलं लागेल असंच मिक्स करतो, त्यामुळे त्याच्या मागे उभं राहिलं की त्याच्या कानाने ऐकता येतं. शिवाय तिथून मागच्या मागे सटकताही येतं. पुढे रेलिंगला चिकटलात तर निवड संपली, रात्र तिथेच काढायची.

क्लॅश अजिबात नसलेली व्यवस्था आहे का? आहे, अर्धीमुर्धी. फ्रान्समधे क्लिसाँला हेलफेस्ट होतो, जर्मनीत वाकेन, दोन्ही मेटलवाल्यांचे. तिथे दोन मोठी स्टेजेस शेजारी शेजारी असतात, एकावर बँड वाजतोय तोवर दुसऱ्यावर ड्रम लागतायत, हा संपला की तो सुरू. तुम्ही फक्त मान वळवायची. पण हेलफेस्टला त्याशिवाय अजून स्टेजेस आहेतच, त्यामुळे मारामारी तिथे ढकलली जाते. शिकागोचा लोलापालूझा याच्या दुसऱ्या टोकाला, ग्रँट पार्कच्या उत्तर टोकाला एक हेडलायनर, म्हणजे रात्रीचा मुख्य कलाकार, आणि दक्षिण टोकाला दुसरा, मधे मैलभर. एक निवडा आणि विषय संपवा.

आपल्याकडे मुंबईत लोलापालूझा आला 2023 च्या जानेवारीत, महालक्ष्मी रेसकोर्सवर. आपल्याकडची भानगड अशी की उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा भाग. बाराची सूट मिळते ती वर्षातले मोजके दिवस. म्हणजे दुपारच्या उन्हात सुरू करून दहाच्या आत सगळं बसवायचं. दुपारी तीनला कुणीही चांगला बँड लावला तरी लोक येतात पाचला, म्हणजे खरे कामाचे तास उरले पाच. मग स्टेजेस वाढवण्याशिवाय इलाज काय? आणि त्या तीनच्या उन्हात कोण वाजवतं, तर आपल्याकडचे नवे बँड. बाहेरचा कलाकार येईपर्यंत आपली पोरं रिकाम्या मैदानाला वाजवून दाखवतात. लवकर जा, एवढंच म्हणेन.

मागून कुणीतरी विचारतंय की सवाई गंधर्व महोत्सवात हा प्रॉब्लेमच नाही, एकच स्टेज. बरोबर आहे, 1953 पासून एकच स्टेज. पण खरंच नाही का क्लॅश? सुरुवातीला नवा गाणारा बसतो, त्याच वेळी मांडवाच्या बाहेर गरम वडे निघतात. अर्धं पुणं रांगेत असतं आणि आत तो बिचारा षड्ज लावून बसलेला. ज्येष्ठ कलाकार शेवटी हे ठरलेलं असल्यामुळे लोक भूक पण त्या हिशोबाने लावून घेतात. आणि एकच स्टेज म्हणून सगळं ऐकायला मिळतं असंही नाही. वुडस्टॉकला 1969 मधे एकच स्टेज होतं, उशीर होत होत जिमी हेंड्रिक्सचा नंबर लागला सोमवारी सकाळी, तोपर्यंत बहुतेक जनता घरी निघाली होती, कामाला जायचं होतं ना.

अजून एक प्रश्न आलाय, की ग्रुपमधे एकमत होत नसेल तर काय. नका करू एकमत! चौघांचं एकमत म्हणजे चौघांच्या दुसऱ्या नंबरच्या पसंतीला जाणं, मी बघितलंय हे, सगळे तोंड पाडून उभे असतात. ज्याला जिथे जायचंय तिथे जाऊ द्या. फक्त फोनच्या भरवशावर राहू नका, एवढ्या गर्दीत नेटवर्क बसतं, मेसेज तासाभराने पोचतो. दिवस असतानाच एक जागा ठरवा, आणि स्टेजजवळची नको, पाण्याच्या नळाजवळची किंवा झेंड्याखालची वगैरे चालेल. वेळ ठरवा. दहा मिनिटं थांबा, नाही आला तर निघा, त्याला तो शो आवडलाय असं समजा.

चला, खाली चहा आलाय असं कळतंय.