कापलेल्या स्ट्रिपवरचे नाव

नाशिकच्या पंचवटी कारंजापासून थोड्या अंतरावर असलेल्या या दवाखान्यात सकाळच्या ओपीडीची गर्दी आहे. निफाड तालुक्यातून नातवाबरोबर आलेल्या आजी आपली प्लास्टिकची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर उलटी करतात आणि तिच्यातून पाच-सहा अर्धवट स्ट्रिप बाहेर पडतात. लघवीला जळजळ होते आणि दोन दिवसांपासून अंगात कणकण आहे, एवढीच त्यांची तक्रार आहे. डॉक्टरांच्या मनात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक आहे, परंतु ते केस पेपरवर लिहिण्याआधी सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे ते विचारतात.

"बीपीची एक, शुगरची एक आणि ही कंबरेची," असे म्हणत आजी एक चंदेरी तुकडा पुढे सरकवतात. मेडिकलमधून चारच गोळ्या कापून घेतलेल्या असल्याने त्या तुकड्यावर ब्रँडची शेवटची तीन अक्षरे आणि किमतीचे दोन आकडे तेवढे शिल्लक राहिले आहेत.

रुग्ण समोर बसलेला असताना औषधाची माहिती शोधण्याचे काम आपल्याकडे बहुधा अशा तुकड्यापासून सुरू होते. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र शिकवले जाते ते मूळ औषधाच्या, म्हणजे जेनेरिक नावाने. नाशिकमध्येच म्हसरूळला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षेतही विद्यार्थी त्याच नावाने उत्तरे लिहितात. रुग्णाच्या पिशवीत मात्र ब्रँड असतात, आणि लोकप्रिय औषधाचे ब्रँड इतके असतात की ते सगळे पाठ असणारा डॉक्टर सापडणे अवघड आहे. परदेशात तयार झालेली बहुतेक ॲप आपल्याकडचे ब्रँड ओळखत नाहीत, आणि १९६० साली प्रथम निघालेल्या राष्ट्रीय औषध सूत्रसंग्रहाची, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या औषध-माहितीच्या सरकारी पुस्तकाची मांडणीही जेनेरिक नावांनीच केलेली आहे. म्हणून डोस, दुष्परिणाम किंवा दोन औषधांचे परस्परांशी पटते की नाही हे पाहण्याआधी गोळीचा 'कंटेंट' काय आहे, हे शोधावे लागते. त्यासाठी ब्रँडनुसार सूची असलेले जाडजूड पुस्तक कपाटात असते, देशी ॲपही असतात. पण नावाची तीनच अक्षरे उरलेली असताना सूची तरी कुठून चाळायची? अशा वेळी डॉक्टर ओळखीच्या केमिस्टला फोन लावतात.

हा मार्ग गावठी वाटेल, पण तो आपल्यापुरता नाही. १९८५ साली लॉस एंजेलिस परिसरातील ४७ डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याला आठवड्यातून एखादी शंका येते आणि ती आपण पुस्तकात पाहतो, असे त्या डॉक्टरांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात दर तीन रुग्णांमागे सुमारे दोन शंका निघाल्या, त्यांपैकी जेमतेम ३० टक्के रुग्ण समोर असताना सुटल्या, आणि त्याही बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी विचारून.

केमिस्ट गोळीचा रंग आणि ती तीन अक्षरे ऐकून सांगतात की, त्या गोळीत वेदनाशामकाबरोबर टिझॅनिडीन, म्हणजे आखडलेले स्नायू सैल करणारे औषध आहे. डॉक्टर मोबाइलमधल्या ॲपमध्ये टिझॅनिडीन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही दोन्ही नावे एकापाठोपाठ टाकतात आणि पडद्यावर धोक्याची सूचना देणारी लाल पट्टी उमटते. टिझॅनिडीनचे विघटन यकृतातील एका विशिष्ट विकराकडून (एन्झाइमकडून) होते आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन नेमके त्याच विकराला रोखते. परिणामी रक्तातील टिझॅनिडीन अनेक पटींनी वाढते, रक्तदाब एकदम खाली येतो आणि रुग्णाला गुंगी चढते. ही दोन औषधे एकत्र देणे निषिद्धच मानले जाते. त्यात आजींना बीपीची गोळी आधीपासून चालू आहे.

सगळ्याच सूचना इतक्या मोलाच्या नसतात. किरकोळ बाबींसाठीही ॲप इतक्या वेळा बजावतात की, काही दिवसांनी डॉक्टर न वाचताच त्या पुढे ढकलू लागतात. दुसरी अडचण रुग्णाच्या नजरेची आहे. डॉक्टर मोबाइलमध्ये पाहून औषध देतात, यावरून त्यांना येत नसावे असा अर्थ काढणारे लोक आहेत, आणि त्या धास्तीने न पाहताच लिहून मोकळे होणारे डॉक्टरही आहेत. सूचना न वाचता ढकलणाऱ्या आणि न पाहता लिहिणाऱ्या अशा दोन्ही डॉक्टरांपेक्षा, मोबाइल नातवाकडे वळवून ती लाल पट्टी त्याला दाखवणारे हे डॉक्टर मला अधिक भरवशाचे वाटतात.

१ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ठरावीक ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे, आणि तो स्कॅन केल्यावर जेनेरिक नावही दिसते. परंतु स्ट्रिपवर जागा नसेल तर तो बाहेरच्या खोक्यावर छापण्याची मुभा आहे, आणि चार गोळ्या कापून नेणाऱ्या आजींच्या हाती तो खोका कधी येतच नाही.

डॉक्टर आजींचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारा रिपोर्ट पाहून दुसरे अँटिबायोटिक निवडतात, त्याचा डोस पुन्हा एकदा पडताळतात आणि केस पेपरवर 'टिझॅनिडीन' हे नाव ठळक अक्षरांत लिहून ठेवतात. पुढच्या वेळी गोळ्या कापण्याआधी पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढून घ्यायला ते नातवाला सांगतात. नातू मान डोलावतो आणि आजी उरलेल्या स्ट्रिप पुन्हा पिशवीत भरू लागतात.