आरिया : घाट चढून आलेला दर्यावर्दी शब्द

[दृश्य : बेळगाव, उद्यमबाग. पत्र्याची शेड, तुळईला अडकवलेली चेन-कप्पी.]

कारखान्यातील जुने लेथ मशीन आज जागेवरून हलवायचे आहे. साखळी धरलेल्या खलाशाचे लक्ष ओझ्याकडे नाही, मेस्त्रींच्या तोंडाकडे आहे. मेस्त्री "हापीस" म्हणतात, साखळी खडखडत चाकावरून सरकू लागते आणि मशीन जमिनीपासून चार बोटे सुटते. खालचे लाकडी ठोकळे काढून झाल्यावर, आवाज उतरवून, दुसरा शब्द येतो : "आरिया... आरिया..."

वेंगुर्ल्याचे बंदर येथून १०० किलोमीटरहून अधिक दूर, आंबोलीचा घाट उतरल्यावर लागते. तरीही हे दोन्ही शब्द जहाजावरचे आहेत. पोर्तुगीज भाषेत 'आरिआर' म्हणजे दोर सोडत शीड किंवा ओझे खाली घेणे; त्याचेच आज्ञार्थी रूप लास्करांच्या, म्हणजे युरोपीय जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई नाविकांच्या, मिश्र बोलीत रुजले आणि बंदरावरच्या कामगारांबरोबर जमिनीवर आले. 'हबेस' म्हणजे ओढा, वर घ्या. त्याचा उच्चार कुठे हबेस, तर कुठे हापीस असा होतो. ज्याने उभ्या जन्मात होडी वल्हवली नाही, अशा अवजड ओझी हलवणाऱ्या माणसालाही आपण खलाशीच म्हणतो. मेस्त्री मराठी असोत वा कन्नड, या हाकांचे भाषांतर कोणी मागत नाही.

[दृश्य : कप्पीचे चाक, अगदी जवळून.]

इंग्रज नाविक ओढण्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. विल्यम फाल्कनर यांच्या १७६९ सालच्या नौशब्दकोशानुसार कप्पी किंवा अन्य यंत्राच्या मदतीवाचून एकेरी दोर ओढणे म्हणजे 'हॉल'. तोच दोर कप्प्यांमधून ओढला, की क्रियापद बदलून 'बाऊझ' होते. (फाल्कनर त्याच वर्षी 'अरोरा' या जहाजाने हिंदुस्थानकडे निघाले. डिसेंबरात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचे केप सोडल्यानंतर त्या जहाजाचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.)

हा भेद केवळ शब्दांचा नाही. वर दोन चाकांची आणि खाली दोन चाकांची कप्पी लावली, तर २०० किलोचा दगड दोराच्या चार पदरांवर तोलला जातो. घर्षण सोडले तर हाताला ५० किलोइतकाच जोर लावावा लागतो. मात्र दगड एक मीटर वर यायला चार मीटर दोर ओढावा लागतो. चेन-कप्पीच्या पोटातील दातेरी चाके हाच व्यवहार आणखी ताणतात, म्हणून येथे हातभर साखळी ओढूनही मशीन जेमतेम हलल्यासारखे दिसते.

[दृश्य : शिवारातील जुनी विहीर, मोटेची धाव.]

मराठीत सगळ्याला 'ओढणे' म्हणतात, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. काठावर उभे राहून, दोर हातावर हात टाकत घागर वर घेणे म्हणजे शेंदणे. हा आमचा 'हॉल'. तेच पाणी बैलांनी काढले, की मोट शेंदली असे कोणी म्हणत नाही. मोट हाकली जाते. मोटेचा जाड दोर, म्हणजे नाडा, वरच्या चाकावरून जातो, बारीक दोर, म्हणजे सोंदूर, खालच्या लाटेवरून (आडव्या रुळावरून), आणि बैल उतरत्या धावेवरून चालत जातात. फाल्कनरची व्याख्या शब्दशः लावली तर चाक आले म्हणून हे 'बाऊझ' ठरेल. पण वरचे चाक जागचे हलत नसल्याने ते भार हलका करत नाही, फक्त ओढीची दिशा बदलते. भार सगळा बैलांच्या खांद्यावर असतो. त्यांना आधार मिळतो तो उताराचा, कारण त्यांचे स्वतःचे वजनही नाड्यावर पडते. व्याख्या करणाऱ्याने मोट पाहिली असती, तर चाकांचे असे दोन प्रकार त्याने बहुधा वेगळे नोंदवले असते.

[दृश्य : पुन्हा शेड.]

मशीन नव्या जागेच्या बोल्टांवर बरोबर आले आहे. थांबण्यासाठी इंग्रज नाविक 'अव्हास्ट' म्हणत. मेस्त्री तळहात आडवा धरतात आणि म्हणतात, "बस."